पुंगळी डायमधून निघाली, तरी चेंबरमध्ये का अडते?

रीलोडिंगबद्दल, म्हणजे झाडलेल्या काडतुसाची रिकामी पुंगळी पुन्हा भरण्याबद्दल, या वेळी आलेल्या पत्रांत रायफली वेगवेगळ्या आहेत, तक्रार मात्र एकाच घरातली आहे: डाय (पुंगळी दाबून पुन्हा मापात आणणारा साचा) आणि पितळ, म्हणजे पुंगळ्या, यांचे जमत नाही. बहुतेकांनी ‘डाय खराब निघाली’ असे लिहून टाकले आहे. माझी नोकरी टूलरूममध्ये गेज तपासण्यात गेली आणि लक्ष्यवेधाचा नाद त्याहून जुना आहे. दोन्हींकडून सांगतो, डाय खराब असणे विरळा. डाय ड्रॉइंगच्या मापाने कातलेली असते. पुंगळी ज्या चेंबरमध्ये, म्हणजे नळीतल्या काडतूस बसण्याच्या जागेत, झाडली गेली त्याचा आकार घेऊन येते. तुमच्या रायफलीचे चेंबर हे तिसरेच माप असते. या तिघांचा मेळ मोजूनच घालावा लागतो, म्हणून प्रश्न पाठवताना मापेही लिहीत जा अशी विनंती. परवाना, नियम आणि दारूचे वजन हे विषय इथे घेत नाही. त्यासाठी तुमच्या इथला कायदा आणि छापील लोड मॅन्युअल (भरणीचे कोष्टक) हेच प्रमाण.

प्रश्न : सर, माझ्याकडे .३०८ विंचेस्टरची बोल्ट ॲक्शन रायफल आहे. एकदाच झाडलेल्या ७.६२ × ५१ च्या लष्करी पुंगळ्या मिळाल्या. डायच्या खोक्यावर लिहिल्याप्रमाणे डाय शेल होल्डरला (पुंगळीचे बूड धरणाऱ्या प्रेसमधल्या खाचेला) टेकवली आणि मग आणखी थोडी खाली फिरवली. साइझ केल्यावर, म्हणजे डायमध्ये दाबून काढल्यावर, काही पुंगळ्या सहज बसतात, काहींवर बोल्टचा दांडा जोर लावून खाली घ्यावा लागतो. माझ्याच रायफलीत झाडलेल्या पुंगळ्यांना त्याच डायमध्ये काही त्रास नाही. डाय बदलू का?

उत्तर : लगेच बदलू नका. तुमच्या स्वतःच्या पुंगळ्या त्याच डायमधून नीट निघतात, म्हणजे तुमच्या चेंबरपुरती डाय ठीक आहे. त्रास बाहेरून आलेल्या पितळाचा आहे, आणि तो दोन ठिकाणी असू शकतो: खांद्यापाशी, म्हणजे पुंगळी निमुळती होऊन गोळी धरणारी मान सुरू होते तिथे, किंवा बुडापाशी.

आधी हे पितळ कुठून आले ते पाहा. .३०८ आणि ७.६२ × ५१ यांच्या पुंगळ्यांची बाहेरची मापे जवळपास सारखी, म्हणून डाय एकच चालते. चेंबरचे तसे नाही. चेंबरची खांद्यापर्यंतची लांबी तपासणारे .३०८ चे ‘गो’ गेज (याच्यावर बोल्ट बंद झालाच पाहिजे) १.६३० इंचांचे आणि ‘नो-गो’ (याच्यावर बंद होता कामा नये) १.६३४ इंचांचे. लष्करी ७.६२ रायफलीत याहून बरीच सूट दिलेली असते. तिथले शेवटचे बाद करण्याचे गेज १.६४५५ इंचांपर्यंत जाते. म्हणजे तुमच्या हातातली एखादी पुंगळी ‘गो’ मापापेक्षा पाव मिलिमीटरहूनही जास्त लांब ताणली गेलेली असू शकते. मशीनगनमधून आलेली असेल तर बुडाकडे फुगलेलीही असेल. शिवाय ढिगातल्या सगळ्या पुंगळ्या एकाच हत्यारातून आल्या असतील याची खात्री नाही. काही बसतात आणि काही अडतात, त्याचे कारण बहुधा हेच.

नेमके कुठे अडते हे शोधायला महागडे साधन लागत नाही. साइझ केलेली, प्रायमर (बुडातली ठिणगी देणारी टिकली) आणि दारू नसलेली रिकामी पुंगळी घ्या आणि काळ्या मार्करने खांदा, मान व बुडाजवळचा भाग रंगवा. बोल्टमधून फायरिंग पिन काढून ठेवा, म्हणजे हाताला खरा अडथळा जाणवतो. बोल्ट हलकेच बंद करा, उघडा, पुंगळी बाहेर काढा आणि रंग कुठे खरवडला ते पाहा.

खांद्यावर गोल चकाकी दिसली तर खांदा पुढे राहिला आहे. यात नवख्यांना चकवणारी एक गोष्ट असते. डाय पुंगळीचे अंग दाबू लागली की पितळाला कुठेतरी जावे लागते, आणि ते पुढे जाते. डायचा खांदा पुंगळीच्या खांद्याला भिडण्याआधीच हात थांबला, तर पुंगळी साइझ करण्यापूर्वी होती त्याहून खांद्यापर्यंत लांब होऊन बाहेर येते. अर्धवट साइझिंगने पुंगळी अधिकच अडते ती यामुळे. डाय टेकवून मग थोडी खाली फिरवली हे तुम्ही रिकाम्या प्रेसवर (डाय बसवून दांड्याने पुंगळी दाबायच्या यंत्रावर) केले असणार. आत पुंगळी असताना प्रेसचा सांगाडा थोडा ताणला जातो आणि टेकलेली डाय शेल होल्डरपासून सुटते. पुंगळी आत ठेवून प्रेसचा दांडा पूर्ण खाली दाबून ठेवा आणि डाय व होल्डर यांच्या मध्ये फीलर गेजचे (ठरावीक जाडीच्या पातळ पट्ट्यांच्या साधनाचे) पान सरकवून पाहा. पान आत जात असेल तर तेवढे साइझिंग झालेलेच नाही.

दुसरे कारण एक्स्पांडर बॉल, म्हणजे डायच्या मधल्या दांड्यावरचा, मान आतून मापात आणणारा गोळा. मान आतून कोरडी असली की बॉल बाहेर येताना मानेला धरून ओढतो आणि खांदाही पुढे खेचतो. मानेच्या आत ब्रशने थोडे वंगण किंवा ग्रॅफाइट लावा. दांडा वर घेताना कर्कश आवाज येत असेल तर दोष तिथेच आहे असे समजा.

तिसरे, पितळाची लवचिकता. काडतुसाचे पितळ म्हणजे ७० टक्के तांबे आणि ३० टक्के जस्त. प्रत्येक झाडण्याने आणि प्रत्येक साइझिंगने ते कडक होत जाते. कडक पितळ दाबले की उसळून परत येते, म्हणून एकाच डायमधून दोन कारखान्यांच्या पुंगळ्या दोन मापांच्या निघतात. दांडा खाली असताना दोन-तीन सेकंद थांबा, पुंगळी अर्धी फिरवून पुन्हा एकदा दाबा. बरीच उसळी कमी होते. तरीही भागले नाही तर मान आणि खांदा तापवून मऊ करण्याचा उपाय आहे, त्याला ॲनीलिंग म्हणतात. ते करायचे तर एक गोष्ट कायमची ध्यानात ठेवा: उष्णता बुडापर्यंत पोचता कामा नये. बूड मऊ पडलेली पुंगळी दाब सहन करू शकत नाही आणि तापलेला वायू थेट तोंडावर येऊ शकतो. अशी शंका आलेली पुंगळी मोडीत टाका, तिला दुसरी संधी देऊ नका.

खरवडलेला भाग बुडाजवळ, कड्याच्या (बुडाच्या गोल काठाच्या) थोडा वर दिसला तर गोष्ट वेगळी. .३०८ च्या पुंगळीचे बुडाजवळचे कमाल माप ११.९६ मिमी आहे. मायक्रोमीटरने बुडापासून ५ मिमी वर मोजा. सहज बसणाऱ्या पुंगळीचे आणि अडणाऱ्या पुंगळीचे माप शेजारी शेजारी लिहा. मिलिमीटरच्या दोन-तीन शतांशांचा फरक निघाला तर साध्या डायने बूड पुरेसे आवळलेले नाही. अशा पितळासाठी ‘स्मॉल बेस’ डाय मिळते. ती एकदाच वापरा, परक्या चेंबरची सवय मोडण्यापुरती. नंतर ते पितळ तुमच्या रायफलीत एकदा झाडले गेले की तुमची जुनी डाय पुरे. दर वेळी स्मॉल बेस डायने आवळाल तर पितळाचे आयुष्य विनाकारण कमी कराल.

आता डाय कायमची कशी लावायची ते सांगतो. तुमच्याच रायफलीत झाडलेल्या काही पुंगळ्यांचे प्रायमर काढा. बाहेर आलेला प्रायमर मापात घोळ करतो. व्हर्नियरला कम्पॅरेटर (खांद्यावर टेकणारा जोड) लावून बुडापासून खांद्यापर्यंत मोजा. आकडा कुठल्याही कोष्टकाशी जुळायची गरज नाही, कारण तुमचे साधन फक्त फरक दाखवणार आहे. साइझ केलेली पुंगळी बोल्ट ॲक्शनसाठी त्याहून सुमारे ०.०५ मिमी आखूड हवी, सेमी ऑटोमॅटिकसाठी ०.०८ ते ०.१३ मिमी. या आकड्यावर डाय कुलूपनटाने पक्की करा आणि खोक्यावरची सूचना तिथेच सोडून द्या. ती सूचना सगळ्या चेंबरांना लागू पडेल अशी लिहिलेली असते, तुमच्या एका चेंबरसाठी नव्हे.

जाता जाता दोन गोष्टी. साइझिंगनंतर पुंगळीची पूर्ण लांबी तपासा: कमाल ५१.१८ मिमी, कापायची ती ५०.९३ वर. आणि लष्करी पितळ पुष्कळदा जाड असते, त्यामुळे आतली जागा कमी. नागरी पितळासाठी बसवलेला लोड जसाच्या तसा त्यात घालू नका. मॅन्युअलमधल्या सुरुवातीच्या आकड्यापासून पुन्हा वर या. प्रायमर पॉकेटच्या, म्हणजे प्रायमर बसतो त्या खळग्याच्या, कडेला क्रिंप (प्रायमर धरून ठेवायला दाबलेली कड) असेल तर ती स्वेजरने दाबून किंवा रीमरने कातून काढल्याशिवाय नवा प्रायमर बसणार नाही.

प्रश्न : वडिलांची .३०३ ली-एनफील्ड आहे, माझ्या नावावर झाली आहे. नव्या पितळावर तिसऱ्या भरणीतच पुंगळीचे दोन तुकडे झाले, पुढचा तुकडा चेंबरमध्ये राहिला. डाय नवी आहे, फुल लेंग्थ साइझिंग करतो, म्हणजे पुंगळी मानेपासून बुडापर्यंत पूर्ण दाबतो. रायफल निकामी झाली का?

उत्तर : रायफल आधी जाणकार गनस्मिथकडून तपासून घ्या, आणि तोवर ती झाडू नका. तुकडे होणे ही गंभीर गोष्ट आहे. पण तुम्ही जे लिहिले आहे त्यावरून संशय फुल लेंग्थ साइझिंगवर जातो.

.३०३ ही कड्यावर अडणारी पुंगळी. चेंबरमध्ये ती किती खोल जाते हे तिचे कडे ठरवते, खांद्याला त्यात काही काम नाही. म्हणून खांद्याच्या पुढे चेंबर कितीही सैल असले तरी गेज ‘ठीक’ दाखवते. लष्करी .३०३ चेंबर तर मुद्दाम प्रशस्त कातलेली असत. चिखलमातीने माखलेले काडतूसही बसले पाहिजे, ही त्यांची गरज होती. झाडल्यावर पुंगळीचा खांदा पुढे जाऊन त्या रिकाम्या जागेत बसतो. तुमची डाय त्याला दर वेळी ड्रॉइंगच्या जागी मागे ढकलते. पुढच्या वेळी तो पुन्हा पुढे. एखादी तार एकाच जागी वाकवत राहिल्यावर जे होते तेच बुडाच्या थोड्या वरच्या भिंतीचे होते. शिवाय ली-एनफील्डचे बोल्ट बंद होताना मागच्या टोकाशी टेकून धरले जाते, म्हणून दाबाखाली ते किंचित दबते आणि ताण आणखी वाढतो.

उपाय असा. डाय काही फेऱ्या वर घ्या आणि फक्त मान साइझ होईल इतकीच खाली आणा. पुंगळी बसायला लागते तेवढाच खांदा मागे न्या, त्याहून एक केसभरही नको. म्हणजे कडे नावाला राहते आणि काडतूस खरे तर खांद्यावर टेकते. याने पितळाचे आयुष्य किती वाढते हे पाहून अनेकांना आश्चर्य वाटते. हे पितळ मात्र त्या एकाच रायफलीचे झाले, दुसऱ्या .३०३ मध्ये कदाचित बसणार नाही. डब्यावर तसे लिहून ठेवा.

नवे पितळ पहिल्यांदा झाडताना कड्याच्या पुढे एक बारीक रबरी ओ-रिंग चढवतात. ती पुंगळीला बोल्टच्या तोंडाशी धरून ठेवते, मग पितळ बुडाजवळ न ताणता खांद्याकडे भरते. जुनी आणि चांगली युक्ती आहे. ली-एनफील्ड नंबर ४ चे बोल्टहेड (बोल्टचे पुढचे सुटे टोक) ० ते ३ अशा क्रमांकांत येतात. कड्याची मोकळीक जास्त असेल तर गनस्मिथ त्यातला योग्य तो बसवून देईल.

उरलेल्या पुंगळ्या आता आतून तपासा. ताठ तारेच्या टोकाला काटकोनात छोटा आकडा करा, आकडा आत घालून भिंतीला टेकवत बुडाकडून तोंडाकडे ओढा. बुडापासून थोडे वर खाच लागली, किंवा बाहेरून तिथे चकचकीत रेघ दिसली, तर ती पुंगळी पुढच्या वेळी तुटणार. पक्कडीने चेपून टाका, म्हणजे चुकून पुन्हा भरली जाणार नाही. आणि हा प्रश्न विचारल्याबद्दल मनापासून आभार. वडिलांची रायफल असेल तर ती जपून चालावी हे मलाही वाटते.

प्रश्न : काडतूस ६.५ क्रीडमूर. नव्या कंपनीचे पितळ घेतले, पहिल्याच बैठकीत डायची डिकॅपिंग पिन (वापरलेला प्रायमर ढकलून काढणारी सुई) मोडली. नवी बसवली, ती पुंगळीत अडकून बसली. आधीच्या पितळात कधी असे झाले नाही.

उत्तर : पिन आणि पितळ यांचे माप जुळत नाही. क्रीडमूर २००७ मध्ये हॉर्नडी कंपनीने आणले तेव्हा त्याला मोठा रायफल प्रायमर होता. नंतर लापुआ कंपनीने त्याच काडतुसाचे पितळ छोट्या प्रायमरचे काढले, आणि त्यातले फ्लॅश होल (प्रायमरची ठिणगी दारूपर्यंत नेणारे भोक) १.५ मिमीचे आहे. नेहमीचे साधारण २ मिमी असते. साध्या डायची पिन दीड मिलिमीटरहून जाड असते. ती छोट्या भोकात घुसली तर अडकते, नाही घुसली तर मोडते. ६.५ × ४७ लापुआ आणि पीपीसी घराण्यातल्या काडतुसांतही हाच प्रकार आहे.

डाय बनवणारे बारीक पिन आणि तिचा दांडा वेगळा देतात, तो घ्या. ड्रिल घालून भोक मोठे करायचा मोह टाळा. छोट्या आणि एकसारख्या भोकासाठीच तर तुम्ही हे पितळ घेतले. दोन्ही जातींचे पितळ ठेवायचे असेल तर डबे वेगळे ठेवा, कारण रांगेत बसलेल्या पुंगळ्यांवर वरून नजर टाकली तर फरक कळत नाही. बूड वर करून प्रायमर पॉकेट बघावे लागते.

पिन मोडण्याचे आणखी एक कारण असते: बर्डन पद्धतीचे पितळ. टॉर्च धरून पुंगळीत वरून पाहा. मधोमध एकच भोक असेल तर बॉक्सर. दोन बारीक भोके कडेला आणि मध्ये उंचवटा असेल तर बर्डन, आणि पिन नेमकी त्या उंचवट्यावर आपटते. ते पितळ या कामासाठी बाजूला ठेवा.

प्रश्न : बुशिंग डाय (मान आवळणारी रिंग, म्हणजे बुशिंग, बदलता येते ती) वापरतो, .३०८ साठी ०.३३६ इंचांचे बुशिंग. पितळाची कंपनी बदलल्यापासून गोळी बोटाने ढकलली तरी आत सरकते. बुशिंग झिजले का?

उत्तर : बुशिंग पोलादाचे आहे, असे अचानक झिजत नाही. नव्या पितळाची मान पातळ आहे. हिशेब सोपा आहे. गोळी ०.३०८ इंच, मानेची भिंत ०.०१५ असेल तर गोळी बसलेल्या मानेचे बाहेरचे माप ०.३३८. त्यातून ०.००२ वजा करून ०.३३६ चे बुशिंग तुम्ही योग्यच निवडले होते. आता भिंत ०.०१३ असेल तर तीच मान ०.३३४ होते आणि ०.३३६ चे बुशिंग तिला आवळतच नाही. बॉल मायक्रोमीटरने भिंत मोजा, किंवा त्या पितळात गोळी बसवून मानेचे बाहेरचे माप घ्या आणि त्याच हिशेबाने नवे बुशिंग घ्या. सैल गोळीचे काडतूस झाडू नका. मॅगझिनमध्ये धक्क्याने गोळी आत सरकली की दाब वाढतो.

याच्या उलट बाजूची काळजी मला जास्त वाटते. मान जाड असली आणि चेंबरची मान घट्ट असली, तर गोळी सोडायला मानेला फाकायला जागा उरत नाही आणि दाब धोक्याच्या पातळीवर जाऊ शकतो. नव्या पितळाची पहिली खेप झाडल्यावर एक साधी तपासणी करा: झाडलेल्या, साइझ न केलेल्या पुंगळीच्या तोंडात गोळी सोडा. ती आपल्या वजनाने आत पडली पाहिजे. अडली, तर तोंड आत वळले आहे का, मान लांब झाली आहे का हे पाहा. दोन्ही नसेल तर ते पितळ त्या चेंबरमध्ये पुन्हा भरू नका. मानेची भिंत बाहेरून कातून पातळ करण्याचे साधन मिळते, पण ते काम ज्याने शिकून घेतले आहे त्याच्याकडून आधी एकदा बघून घ्या.

प्रश्न : पुंगळी डायमध्येच अडकली, कडे तुटून शेल होल्डरमध्ये राहिले. डाय वाचेल का?

उत्तर : वाचेल. डिकॅपिंग दांडा जमेल तितका वर घ्या, बुडाला मधोमध भोक पाडा, टॅपने आटे काढा, वॉशर व बोल्ट लावून पुंगळी ओढून काढा. अडकलेली पुंगळी काढायचा तयार संचही मिळतो. आतून डाय घासू नका. कारण बहुधा कमी वंगण. पण दुसऱ्या टोकालाही जाऊ नका. खांद्यावर वंगण साचले की तिथे पोचे पडतात. कार्बाइड डायला वंगण लागत नाही हे सरळ भिंतीच्या काडतुसांपुरते खरे आहे, मान असलेल्या रायफल पुंगळीला कार्बाइडमध्येही वंगण लागतेच.

प्रश्न : फीलर गेज लावून खात्री केली, डाय होल्डरला दाबाखालीही टेकते, तरी खांदा पुरेसा मागे जात नाही. शेल होल्डरचे वरचे तोंड घासू का?

उत्तर : आधी होल्डर बदलून पाहा. होल्डरच्या वरच्या पृष्ठापासून पुंगळी बसते त्या जागेपर्यंतची उंची ०.१२५ इंच, म्हणजे ३.१७५ मिमी असायला हवी. डेप्थ मायक्रोमीटरने मोजा. एका कंपनीची डाय आणि दुसऱ्या कंपनीचा होल्डर अशा जोडीत मिलिमीटरचे काही शतांश इकडेतिकडे होतात, आणि तुमची अडचणही काही शतांशांचीच आहे. पितळ कडक झाले असेल तर ॲनीलिंग केलेली एक पुंगळी साइझ करून बघा. हे दोन्ही करून भागले नाही तरच घासा. होल्डर काचेवर ठेवलेल्या पॉलिश पेपरवर सपाट घासा, दर थोड्या वेळाने मोजत, ०.०५ ते ०.०८ मिमीपेक्षा जास्त नाही. डायच्या तोंडाला हात लावू नका. ती कडक असते आणि वाकडी घासली गेली तर परत दुरुस्त होत नाही. घासलेल्या होल्डरवर लगेच पक्की खूण करा. तोच होल्डर उद्या दुसऱ्या डायखाली गेला, तर तिथे खांदा गरजेपेक्षा मागे जाईल.